ठोंबरे गव्हर्नरांचं चरित्र

बत्तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला, पण तिथले सांगण्यासारखे किस्से मोजून पाच-सहा. आणि रिटायर झाल्यावर एक पुस्तक काढायला गेले, तेही चौसष्ट पानांचं, तर दोन वर्षांत पोतंभर किस्से! किस्से आपण जमवत नसतो हो. लग्नघराच्या दारात चपला जमतात तसे ते आपोआप जमतात. आपण फक्त डोक्याला हात लावून उभं राहायचं.

पुस्तक कसलं, तर एका इंग्रज गव्हर्नराचं चरित्र. लॉर्ड थॉर्नबरी. शंभरेक वर्षांपूर्वी हा माणूस आमच्या भागात कालव्याच्या गेटाचं उद्घाटन करायला आला होता. तीन दिवस राहिला आणि गेला. पुढं सगळे त्याला विसरले. मग रस्ता रुंद करताना शेळगावच्या बाजूला त्याच्या नावाची संगमरवरी पाटी निघाली आणि आमच्या मंडळाच्या अंगात आलं, की साहेबाचं चरित्र झालंच पाहिजे!

मंडळ म्हणजे आम्ही चौघं. अध्यक्ष तात्या, पिंपळीचे ऊस बागायतदार. दत्तूआबा, शेळगावचे, पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कालव्यावर नोकरी केलेले. छपाईला बारामतीचे प्रेसवाले गायकवाड. आणि लिहायला मी, सोनवणे बाई. माझे वडील वालचंदनगरला कारखान्यात फिटर होते, मी तिथल्या क्वार्टरमध्येच वाढले. पण आमचं मूळ गाव शेळगावच.

चौघांत इंग्रजी वाचणारी मी एकटी. सगळ्या मनस्तापाचं मूळ ते!

*

पाटीवर साहेबाचं पूर्ण नाव होतं. ऑगस्टस हेन्री लिओनेल पर्सिव्हल, लॉर्ड थॉर्नबरी.

मी मोठ्यानं वाचलं. तात्या बोटं मोजत होते.

"बाई, पाच जण आले व्हते का?"

"तात्या, एकच माणूस. एकाच माणसाचं नाव आहे हे."

"एकाला पाच नावं? मग हाक कंच्या नावानं मारायची?"

मी पंधरा मिनिटं समजावलं. मोठ्या घराण्यात आजोबांचं, मामांचं, राजाचं, सगळ्यांची नावं पोराला लावतात वगैरे. तात्यांनी मान डोलावली. वाटलं, पटलं.

चार दिवसांनी तात्यांनी आसपासच्या ग्रामपंचायतींना माहिती मागवणारं पत्र धाडलं. मला न दाखवता! त्यात लिहिलं होतं, "आपल्या भागास पूर्वी ऑगस्टसराव, हेन्रीराव, लिओनेलराव व इतर मान्यवरांनी भेट दिली होती. तरी माहिती असल्यास कळवावे."

*

जुनी माणसं साहेबाला थॉर्नबरी म्हणत नव्हतीच. त्यांच्या तोंडात ते नाव बसेना. ती म्हणायची 'ठोंबरे लाट', लाट म्हणजे लॉर्ड. मी हे कौतुकानं एका भाषणात सांगितलं आणि पायावर धोंडा मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन. कोणी ठोंबरे नावाचे गृहस्थ.

"बाई, ते गव्हर्नर साहेब आमच्या भावकीतलेच का?"

"नाही हो. ते इंग्रज होते. त्यांचं नाव थॉर्नबरी."

"ते खरं. पण मूळ गाव कुठलं?"

"विलायत."

मग अगदी समजुतीच्या सुरात,

"ते झालं. पण त्याच्या आधी?"

*

चरित्र म्हटलं की जन्मापासून सुरुवात करावी लागते. तिकडं सरदार घराण्याच्या मोठ्या किताबाला अर्ल म्हणतात. आमच्या साहेबाचे वडील अर्ल होते, जहागीर अफाट, आणि साहेब तिसरा मुलगा. आता यात न समजण्यासारखं काय आहे? पण मंडळाची अख्खी बैठक यावर गेली.

"तिसरा म्हंजी त्याला किती जमीन आली?" तात्यांनी विचारलं.

"काहीच नाही. त्यांच्यात सगळी जहागीर थोरल्याला जाते."

तात्या खुर्चीतून पुढं सरकले. "समदी? बांधापास्नं?"

"सगळी. वाडा, जमीन, किताब, सगळं थोरल्याचं."

"आन् बाकीचं दोघं गप बसलं? कोर्टात न्हाय ग्येलं?"

"तिकडं कायदाच तसा होता, तात्या. मधला फौजेत गेला. आमचा साहेब निवडणुकीला उभा राहिला, दोनदा पडला."

"पडला?" तात्यांना पहिल्यांदाच साहेबाविषयी आपुलकी वाटली. तेही एकदा पंचायत समितीला पडले होते. "मग पुढं?"

"मग वडिलांनी ओळखीपाळखी वापरल्या आणि त्याला गव्हर्नर करून आपल्या इलाख्यावर पाठवलं. त्यातून त्याला 'लॉर्ड' किताब मिळाला."

तात्या आबांकडं वळून म्हणाले,

"आबा, कळलं का? थोरल्याला जमीन ग्येली, आन् धाकट्याच्या वाटणीत आपण आलो!"

बत्तीस वर्षं साम्राज्यवाद शिकवला मी. इतका कमी शब्दांत कधी शिकवता आला नाही. पण हे मी तात्यांना सांगितलं नाही, नाहीतर पुस्तक तेच लिहायला बसले असते.

*

साहेब ज्या बंगल्यात उतरला होता, तिथल्या पाहुण्यांची जुनी वही एका सरकारी कार्यालयात आहे असं कळलं. कुठल्या, ते सांगत नाही, मला अजून तिकडं कामं असतात.

मी अर्ज केला. क्लार्क भला माणूस, पण कागदाबाहेर बघायचं नाही ही शपथ घेतलेला.

"ज्याची नोंद बघायची त्याचं संमतीपत्र लागेल."

"अहो, ते गव्हर्नर होते. वारले."

"मृत्यूचा दाखला जोडा."

"इंग्लंडमध्ये वारले."

"मग वारसाचं संमतीपत्र आणा."

रागाच्या भरात मी खरंच शोध लावला. साहेबाची पणती सापडली, मार्गारेट नावाची. तिला ईमेल केला. चार दिवसांत तिचं सहीचं संमतीपत्र आलं! शिवाय, घरात पणजोबांची डायरी आणि पत्रं आहेत, हवी तर फोटो काढून पाठवते, असंही तिनं कळवलं. मी कागद घेऊन विजयी मुद्रेनं त्या टेबलासमोर उभी राहिले.

क्लार्कनं पत्र उलटसुलट करून पाहिलं. शिक्का पाहिला. सही पाहिली. मग विचारलं,

"यांचा रहिवासी दाखला?"

ती वही मला आजतागायत बघायला मिळालेली नाही.

*

पण डायरी आली! मार्गारेटबाईंनी आमच्या भागातल्या तीन दिवसांची पानं पाठवली होती. मंडळाची खास बैठक भरली. तात्यांनी भेळ मागवली. दत्तूआबा इस्त्रीचा शर्ट घालून आले.

आता आबांचं सांगितलं पाहिजे. ज्या गेटाचं साहेबानं उद्घाटन केलं, त्याच गेटावर आबांनी आयुष्य काढलं. पाळीचं पाणी सोडायचं, बंद करायचं, रात्रंदिवस शेतकऱ्यांच्या शिव्या खायच्या. हे गेट खुद्द लाटसाहेबानं उघडलं, हे ते नव्या माणसाला हटकून सांगायचे. साहेबानं आपल्या कालव्याविषयी काय लिहिलंय, हे ऐकायला म्हातारा कानात प्राण आणून बसला होता.

मी आधी वाचून ठेवायला हवं होतं. नाही वाचलं. गाढवपणा झाला.

पहिला दिवस, "ऊन. धूळ. डास."

दुसरा दिवस, "ऊन. कसलंतरी उद्घाटन केलं. मटण वाईट."

तिसरा दिवस, "पोट बिघडलं. निघालो."

संपलं!

भेळेत कोणी हात घालेना. पहिले तात्या उसळले. "मटण वाईट? हितलं? बारामती-इंदापूरचं मटण वाईट म्हणणारा हा कोण?"

गायकवाड म्हणाले, "बाई, भाषांतरात जरा बघा ना. 'मटण बरं होतं' एवढं तरी."

"मी इतिहास लिहितेय, गायकवाड. हॉटेलची जाहिरात नाही."

या गोंधळात आबांनी हळूच विचारलं, "बाई, ते पुन्ना वाचा. 'कसलंतरी'च लिव्हलंय का? गेट म्हणून लिव्हलं न्हाय?"

"कसलंतरीच लिहिलंय, आबा."

आबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"चौतीस वर्सं मी कसलंतरी उघडत व्हतो म्हणायचं," ते म्हणाले, आणि उठून गेले.

पुस्तकात त्या पानाखाली मी एक टीप टाकली आहे. त्या गेटाखाली कुठकुठल्या शिवारांना पाणी जातं, त्या सगळ्यांची नावं. आबांनीच ती सांगितली, न अडखळता. गायकवाड म्हणाले, टीप पानापेक्षा मोठी होतेय. मी म्हटलं, होऊ दे.

*

पत्रांतून साहेबाची पुढची कारकीर्द कळली. इकडची मुदत संपल्यावर त्याला आणखी मोठी जागा हवी होती. ती मिळेना. तो घरी पत्रांवर पत्रं लिहीत होता, अमक्याला भेटा, तमक्याकडं शब्द टाका. शेवटी त्याला कुठल्याशा समुद्रातल्या लहान बेटावर गव्हर्नर म्हणून पाठवलं. तिथं काही कामच नव्हतं. साहेब बसून बसून जाड झाला, त्याला संधिवात जडला, आणि तसाच तो घरी परतला.

मी हे वाचत होते आणि आबा डोळे मिटून ऐकत होते. राग गेला नव्हता, पण बदलीचा विषय निघाल्यावर सरकारी माणसाला राहवत नाही.

"साईड पोस्टिंग," आबा म्हणाले. "वरच्या कुणाला तरी नडला असणार."

*

आता भांडणाचं सांगते.

माझी आत्या नव्वदीची आहे, शेळगावात राहते. तिनं लहानपणी तिच्या आजोबांकडून ऐकलेली गोष्ट मला माहीत होती. साहेब येणार म्हणून महारवाड्यातली आठ माणसं वेठीला धरली होती. त्यात माझे खापरपणजोबा होते, भिवा. साहेबाला आंघोळीला पत्र्याचा मोठा टब लागायचा. तो टब भिवानं स्टेशनपासून बंगल्यापर्यंत डोक्यावर वाहिला. वाटेत दोन मुक्काम पडले. साहेब गेल्यावर तोच टब परत न्यायचा. मान कायमची एका बाजूला गेली ती गेलीच.

मी त्यावर एक प्रकरण लिहिलं. तात्यांनी वाचून कागद टेबलावर ठेवले.

"बाई, हे कशाला? पाहुण्याबद्दल चांगलं चांगलं लिहावं."

"तात्या, साहेबानं आंघोळ केली हे तुम्हाला चालतं. टब कसा आला ते चालत नाही?"

"आपल्याला पुस्तक काढायचंय का भांडणं लावायचीत? मंडळात समद्या समाजाची लोकं हायती."

"म्हणूनच तर! सगळ्यांचं यायला हवं. हे प्रकरण नसेल तर माझं नावही नको. तुम्हीच वाचा ती इंग्रजी पत्रं."

मी पिशवी उचलली आणि इंदापूरला घरी आले. एस्टीत बसल्यावर डोक्यात एकच चाललं होतं. दोन वर्षं या माणसाबरोबर चहा पितेय, आणि एवढं साधं कळू नये? आठ दिवस कोणाचा फोन नाही. मी मनात पुस्तकावर पाणी सोडलं.

नवव्या दिवशी दारात तात्या. सोबत ऊस नाही, पेढे नाहीत, कसलंही निमित्त नाही. उंबऱ्यातूनच सुरू.

"बाई, चुलतीला इचारलं म्या. साहेबाचा एक तळ पिंपळीला पडला व्हता."

"बरं. आत तर या."

"आमच्या आज्याची सात बकरी शिपायांनी सोडून नेली. दावी कापून! आज्जी मागं पळत ग्येली तर तिला ढकलून दिली. म्हातारी मरस्तोवर ते काढून रडायची म्हणं. आन् आमाला घरात कुणी सांगितलं न्हाय."

तात्यांना मी आत बसवलं. मी पाणी दिलं. ते घोटभर प्यायले, आणि एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. तांब्या खाली आदळला!

"म्हंजी ते मटण आमचंच व्हतं! फुकट खाल्लं ते खाल्लं, वर वाईट म्हणून लिव्हतो? घाला बाई! टब बी घाला आन् बकरी बी घाला!"

*

पुस्तक छापून झालं. प्रकाशनाला मार्गारेटबाई स्वतः येणार असं ठरलं. गायकवाडांनी हौसेनं फ्लेक्स केला. मला दाखवू नका असं कोण सांगतं या लोकांना, मला माहीत नाही.

सकाळी चौकात जाऊन बघते तर मधोमध तात्या. हात जोडून. भोवती शुभेच्छुकांचे चाळीसेक गोल फोटो. आणि वरच्या कोपऱ्यात, जिथं एरवी देवाचा फोटो असतो, तिथं साहेब!

"गायकवाड, ज्याच्यावर वेठीचं प्रकरण लिहिलं त्याला देवाच्या जागी बसवलात?"

"बाई, डिझाइनमध्ये तीच जागा मोकळी होती."

शिवाय फोटो साहेबाचा नव्हताच. साहेबाला मिशा नव्हत्या. गायकवाडांनी नेटवर 'ब्रिटिश साहेब' शोधून पहिला आला तो लावला होता. नीट पाहिलं तर त्या माणसाच्या हातात बँडवाल्याची काठी! आणि खाली, जुन्या फाइलवरच नवा मजकूर टाकल्यामुळं, मोठ्या लाल अक्षरांत राहून गेलं होतं, 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'.

दुपारच्या आत मी तो उतरवला. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. तात्यांना फोन आला,

"तात्या, साहेबांचा केक कुठं कापायचाय? पोरं घेऊन येतो."

*

मार्गारेटबाई आल्या. अडुसष्ट वर्षांच्या, बारीक, पायात साधे कापडी बूट. आम्ही लॉर्डाची पणती म्हणून गाडी सजवली होती. त्या पुढच्या सीटवर बसून वाटभर ऊस बघत राहिल्या. प्रकाशन झालं, फेटा झाला, भाषणं झाली. तात्या चाळीस मिनिटं बोलले. त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

कार्यक्रम झाल्यावर मार्गारेटबाई मला म्हणाल्या, तुमच्या आत्यांना भेटायचंय. टबाचं प्रकरण मी त्यांना इंग्रजीत करून पाठवलं होतं. त्यांनी ते वाचलं होतं, एवढं त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

आत्याच्या ओसरीत आम्ही बसलो. आत्यानं 'जय भीम' केला. पाहुणीनंही हात जोडून 'जय भीम' म्हटलं. चहा आला. पाहुणीनं कप हातात धरला, पण पिईना. शेवटी आत्यानंच सुरुवात केली.

"हिचा पणजा काय काम करायचा म्हणलीस?"

"आत्या, किती वेळा सांगू? गव्हर्नर होता. राज्य करायचा आपल्यावर."

"आन् त्याचा ल्योक?"

मी विचारून सांगितलं. "फौजेत मोठा अधिकारी होता."

"त्याचा ल्योक?"

"बँकेत होता. राहतं घर त्यानंच विकलं म्हणे."

"आन् ही?"

"ही नर्स होती. सरकारी दवाखान्यात. म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात, पस्तीस वर्षं."

आत्या पुढं वाकली. पाहुणीचा हात हातात घेऊन तिनं तळवा उलटा केला, बोटं चाचपली, पुन्हा सरळ केला. पाहुणीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती मला म्हणाली, त्यांना सांगा, आमच्या माणसानं जे केलं त्याची मला लाज वाटते.

मी सांगितलं.

आत्यानं तो हात सोडला नाही. माझ्याकडं बघून म्हणाली,

"पणज्याचं मनाला लावून घिऊ नगं म्हणावं तिला. टाइम लागला, पर सुधारलं की घराणं!"